कौठवाडीच्या बारवेवरची गोळी

पोलिसांची एक गोळी सुटली होती, एक बाई मेली होती आणि बाईच्या अंगावर गोळीची जखम कुठेच नव्हती.

शवविच्छेदनाचा कागद लातूरला साहेबांच्या टेबलावर आला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला. उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली. मग रेवणप्पा जमादाराला बोलावणं धाडलं.

जिल्हा नवा होता, चार वर्षांचा. पाटी आली होती, साहेब आले होते, साहेबांची जीप आली होती. कचेरीची इमारत अजून यायची होती. दुष्काळ मात्र जुन्या जिल्ह्याच्या वाटणीतून न मागता पुरेपूर मिळाला होता. पावसाने ओळीने दुसऱ्या वर्षी दगा दिला आणि पोलिसांना चोरांपेक्षा विहिरी राखायचं काम जास्त पडू लागलं.

रेवणप्पा बिराजदार मुख्यालयात निशाणबाजी शिकवायचा. कपाळावर विभूती, पांढऱ्या मिशा, निवृत्तीला चार महिने. शिपाई त्याला उस्ताद म्हणत. नव्या जिल्ह्याला चांदमारीसाठी निशाणाचे लाकडी फळे मिळेनात, मागणीपत्रांना ‘मागणीची नोंद घेतली आहे’ एवढंच उत्तर येई. तेव्हा याच उस्तादाने कुंभारांकडची चिरा गेलेली मडकी फुकटात उचलून आणली होती. खंदकात एक माणूस बसायचा, काठीवर मडकं धरून बांधाच्या वर काढायचा. तीन मोजेपर्यंत ते फुटायला हवं. फोडणारा हात वर करायचा, कारकून पाटीवर रेघ ओढायचा. ‘बोट आधी, डोकं मागून’ हे उस्तादाचं वाक्य पोरांना प्रार्थनेसारखं पाठ होतं. बचतीबद्दल सरकारने त्याला प्रशस्तिपत्रक दिलं. ते चौकटीत बसवून त्याच्या खोलीत टांगलेलं होतं, आणि चौकटीचा खर्च त्याने स्वतः केला होता.

साहेबांनी एक छापील फॉर्म पुढे सरकवला. कुठेही पोलिसांची गोळी सुटली की हा भरायचा, म्हणजे पुढच्या शिपायांना त्यातून शिकवता येईल, असा वरून आदेश होता. रकाने तीन. काय घडलं. कोण चुकलं. शिकवण्यात काय कमी पडलं.

असे अकरा फॉर्म रेवणप्पाने आजवर भरले होते. अकराही फॉर्मच्या तिसऱ्या रकान्यात त्याच्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता : निरंक.

“बारावा परवा सकाळपर्यंत हवा,” साहेब म्हणाले. “परवा त्या अकरा गाववाल्यांना पुन्हा कोर्टात उभं करायचंय. फौजदार म्हणतो, जमाव चालून आला, शिपायाने हवेत गोळी झाडली, पळापळीत बाई पडली. गाव म्हणतं, शिपायाने तिला उडवली. पहिलं खरं असेल तर अकरा जण दंगलीत जातात. दुसरं खरं असेल तर शिपाई खुनात जातो. कोण खोटं बोलतंय?”

“शिपाई कोण?”

“व्यंकट मुळे. तुमचाच ना?”

रेवणप्पा म्हणाला, “माझाच. गेल्या साली पहिला नंबर.”

*

व्यंकट मुख्यालयाच्या पहाऱ्याच्या खोलीत होता. उस्ताद आत आला तसा तो सवयीने ताठ उभा राहिला, पण दोन्ही हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

“बस. कुठं होतास?”

“बारवेच्या वरच्या कठड्याजवळ. रातीपासून उभा.”

“उजेड?”

“नुकता फटफटलेला. माणूस वळखू येत नव्हतं.”

“जमाव?”

“तवा न्हाई.”

“मग गोळी कशाला?”

व्यंकट भिंतीकडे बघत राहिला. “रोज तेच इचारून राहिलो स्वतःला. आदल्या दिवशी पाण्यावरनं लई दगड झालते दोन गावांत. सांगितलं होतं, आज बी होतील. रातभर खांद्याला बंदूक. उस्ताद, मला बार उडाल्याचा आवाज बी याद न्हाई. हात वर होता, एवढं याद हाय. बायका वरडल्या तवा मी हाताकडं बघितलं.”

“कुठला हात?”

“डावा.”

“त्या मेलेल्या बाईशी, गंगम्माशी, तुझी तकरार होती म्हणे.”

“हाव. मी कळशीभर पाण्यानं तोंड धुतलं म्हून ती बोलली, बंदुकीला बी आंघोळ घाल म्हणली. सगळ्या हसल्या. मी बी हसलो, उस्ताद. त्याच्यासाठी कुणी माणूस मारतं का?”

रेवणप्पा उठला. निघताना त्याने विचारलं, आजवर चांदमारीशिवाय किती गोळ्या झाडल्यास? व्यंकट म्हणाला, ही पहिली.

*

शिरूर अनंतपाळ ओलांडल्यावर जीपने डांबर सोडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारीची धाटं गुडघ्याएवढी होऊन वाळली होती. ड्रायव्हरशेजारी फौजदार शेषेराव बसले होते आणि वाटभर त्यांनी आपला अहवाल तोंडी ऐकवला. अहवाल इतका सफाईदार होता की रेवणप्पाला वाटलं, घटनेनेच तो आधी वाचून घेतला असावा.

कौठवाडीची बारव गावाबाहेर होती. दगडी, चौकोनी, खोल. बेचाळीस पायऱ्या उतरल्यावर तळाशी डबकं. त्यातलं पाणी वाटीने घागरीत भरायचं. आजूबाजूच्या सात वस्त्यांना तेवढंच. वर कठड्याशी नवा शिपाई बंदूक घेऊन उभा होता.

रेवणप्पा कठड्याकडे चालू लागला आणि थबकला.

खालून, खूप खोलातून, बाईचा आवाज आला. सावकाश, एका सुरात.

“माणूस हाय… माणूस हाय…”

आवाज पायरी पायरी वर येत होता. दगडात घुमून तो चारी बाजूंनी येतोय असं वाटत होतं. मग घागर वर आली, घागरीखाली पदर, पदराखाली सुरकुतलेला चेहरा. बाई वर आली, गप्प झाली आणि कुणाकडे न बघता निघून गेली. तिच्यामागून खाली दुसरा आवाज सुरू झाला.

“हे काय?”

“गंगम्माचं भूत,” फौजदार खाली आवाजात म्हणाले. “ती गेली त्या दिवसापासून बायका असं ओरडतच वर येतात. भुताला सांगतात, आम्ही माणसं आहोत, धरू नको. अडाणी लोक.”

फौजदारांनी हे सांगताना आपली टोपी नीट केली आणि ते कठड्यापासून दोन पावलं मागे सरकले.

जिथे व्यंकट उभा होता तिथे रेवणप्पा जाऊन उभा राहिला. समोर तीस पावलांवर पायऱ्यांचं तोंड. त्यामागे मातीचा उंचवटा. मग तो पायऱ्या उतरला. बाई जिथून पडली म्हणत होते, त्या वरून चौथ्या पायरीवर थांबून त्याने वर पाहिलं. तिथून कठड्यापाशी उभ्या शिपायाची टोपीसुद्धा दिसत नव्हती.

“पंचनाम्यात काय काय मिळालं?”

“दगड बावीस. एक काडतुसाची रिकामी पुंगळी. तुटक्या बांगड्या.”

“घागर?”

फौजदारांनी कागद चाळले. “घागरीचा उल्लेख नाही.”

“पाणी भरून वर येणाऱ्या बाईच्या डोक्यावर घागर नव्हती?”

“घरच्यांनी नेली असेल. कुणी विचारलं नाही,” फौजदार म्हणाले, आणि मग, जणू त्यामुळे सगळं सुटतं असं, “कुणी सांगितलंही नाही.”

*

गंगम्माचा नवरा गुंडप्पा त्या अटकेतल्या अकरांत होता. घरी तिची सासू सिद्धम्मा एकटीच. गळ्यात चांदीचं लिंग, डोळे कोरडे. तिने जमादाराच्या कपाळावरची विभूती पाहिली, बसायला घोंगडं टाकलं आणि पाणी पुढे केलं नाही. त्या साली पाणी न देण्याला कुणी अपमान समजत नसे.

“अव्वा, तुम्ही तवा कुठं होता?”

“तिच्या मागं. पाच पायऱ्या खाली.”

“आधी दगड का आधी बार?”

“दगड कुठनं? गडी माणसं घरी होती. बार झाला, सून माझ्या अंगावरून गेली खाली. मी वरडले, मग माणसं आली, मग दगड. मी वर येऊन बघितलं तर त्यो हात वर करून उभा. मारून हात वर केला त्यानं, जमादार. जत्रंत कुस्ती मारल्यावानी. त्यो हात बघून माझ्या लेकानं दगड उचलला.”

मागून फौजदार म्हणाले की तो हात जमावाला थांबवण्यासाठी होता. अहवालात तसं आहे.

“जमाव नव्हताच तर थांबवत कुणाला होता?” रेवणप्पाने वळून न बघता विचारलं. मग म्हातारीला म्हणाला, “घागर कुठं हाय, अव्वा?”

सिद्धम्माने कोनाड्याकडे हात केला. जुनी, तांब्याची घागर. रेवणप्पाने ती उचलून दाराच्या उजेडात आणली.

गळ्याखाली एक नवं ठिगळ होतं, चवलीएवढं. त्याच्या बरोबर समोरच्या अंगाला दुसरं, तळहाताएवढं.

“हे कधीचं?”

“तेराव्याच्या आधीच उदगीरला धाडून लावून आणलं. घरात दुसरी घागर न्हाई. पाणी कशानं आणू?”

“पोलिसांना दाखवली नाही?”

“पोलिसांनी मागितली का?” म्हातारी म्हणाली. “त्यांनी लेक मागितला, त्यो नेला.”

“घागर किती भरली होती त्या दिवशी?”

“अर्धी. त्याच्यावर कुणाची भरती हाय आता?”

रेवणप्पाने पहिल्या ठिगळावर अंगठा ठेवला. घागरीच्या बरोबर मध्यरेषेवर, गळ्याच्या चार बोटं खाली. इतका नेमका बार त्याने वर्षानुवर्षं पाहिला होता, आणि प्रत्येक वेळी शाबास म्हटलं होतं.

मग त्याने घागर एका दिवसासाठी मागितली. सिद्धम्मा म्हणाली, पोलिसांच्या हाती दिलेली वस्तू परत येताना तिने पाहिलेली नाही. घागर जाईल तिथे ती जाईल.

*

संध्याकाळी रेवणप्पा चांदमारीच्या खंदकात एकटा उतरला. पायाखाली खापऱ्या करकरल्या. चार वर्षांच्या खापऱ्या. तो खाली बसून वर बांधाच्या कडेकडे बघत राहिला. तिथे काहीच नव्हतं, आणि तरी त्याला सारखं वाटत होतं की तिकडून कुणीतरी वाट बघतंय, काहीतरी वर येण्याची.

खोलीवर जाऊन त्याने बारावा फॉर्म काढला. दोन रकाने कोरे ठेवले. तिसऱ्यासमोर लेखणी धरली तर हाताने सवयीने ‘नि’ काढला. त्याने तो खोडला.

*

दुसऱ्या सकाळी चांदमारीवर नऊ शिपाई ओळीने उभे होते. गेल्या साली व्यंकटच्या खालोखाल आलेले नऊ. साहेब खुर्चीत, फौजदार खुर्चीमागे, बांधाच्या कडेला सिद्धम्मा.

रेवणप्पाच्या विनंतीवरून साहेबांनी स्वतः नऊही बंदुका उघडून पाहिल्या. रिकाम्या. दुसऱ्यांदा पाहिल्या. रिकाम्या. मग रेवणप्पाने शिपायांना सांगितलं की हा सराव नाही, पहारा आहे. दंगलीची भीती आहे, बंदूक खांद्याला, आणि माझ्या तोंडी हुकुमाशिवाय कुणीही घोडा ओढायचा नाही. समजलं? नऊ जण म्हणाले, समजलं.

तो खंदकाकडे गेला आणि दिसेनासा झाला.

वेळ गेला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. कुठेतरी टिटवी ओरडली.

बांधाच्या कडेवर तांबड्या तांब्याची कड उगवली. मग ठिगळ.

खट्. खट्-खट्. खट्.

नऊपैकी सहा घोडे पडले. आवाज अगदी बारीक होते, खारीने शेंगा फोडाव्या तसे. त्या सहांपैकी तिघांचे डावे हात वर गेले आणि वरच राहिले.

मग घागरीखालून रेवणप्पाचा चेहरा वर आला.

तिघांनी आपापल्या हाताकडे पाहिलं. एकाने तो दुसऱ्या हाताने धरून खाली आणला.

रेवणप्पा घागर डोक्यावर तशीच धरून साहेबांपुढे आला.

“फौजदार साहेबांचा अहवाल खोटा आहे, कारण हवेत झाडलेली गोळी घागरीला लागत नाही,” तो म्हणाला. “बघा, पुढून चवलीएवढं भोक, मागून तळहाताएवढं. म्हणजे गोळी कठड्याकडून आली, सरळ. अर्धीच भरलेली घागर. वरचा भाग रिकामा होता, म्हणून ती फाटली नाही, पण झटक्याने मागे गेली आणि बाईला घेऊन गेली. बेचाळीस पायऱ्या. म्हणून अंगावर गोळीची जखम नाही. दगड नंतरचे.”

“म्हणजे गाव म्हणतं ते खरं,” साहेब म्हणाले. “त्याने नेम धरून मारलं.”

“नेम धरला, पण तिच्यावर नाही. खून करणारा माणसावर नेम धरतो, साहेब. आणि माणूस अजून वर आलाच नव्हता. चौथ्या पायरीवर बाई उभी राहिली तर कठड्यावरून फक्त घागर दिसते. मी स्वतः उभा राहून पाहिलं. अंधुक उजेड, रात्रभरचं जागरण, दंगलीची भीती, आणि समोर मातीच्या बांधापुढे गोल काहीतरी खालून वर येतं. व्यंकटने उभ्या जन्मात अशा वस्तूवर किती वेळा बार काढला असेल? माझ्या पाटीवर त्याच्या नावापुढे चारशे अकरा रेघा आहेत. प्रत्येक वेळी फोडल्यावर डावा हात वर. त्या दिवशीही केला. म्हातारीला वाटलं, विजयाचा हात. फौजदारांना वाटलं, जमावाला इशारा. तो पाटीवर रेघ मागत होता.”

फौजदार शेषेराव घसा खाकरून म्हणाले की अशा गोष्टीला पुरावा म्हणता येणार नाही.

“सहा घोडे मोजलेत ना? आता यांनाही खुनात घ्या,” रेवणप्पा म्हणाला. “ही पोरं गंगम्माला ओळखतसुद्धा नाहीत.”

सिद्धम्मा पुढे आली होती. तिने सहाही शिपायांचे चेहरे नीट पाहून घेतले, मग रेवणप्पाकडे वळली.

“म्हंजी त्यानं तिला बघितलंच न्हाई?”

“न्हाई, अव्वा.”

“काहून न्हाई बघितलं? डोळं होतं ना त्याला?”

“मी बघू दिलं न्हाई. बोट आधी, डोकं मागून, असं मीच शिकवलं. मडकी माझी. युक्ती माझी. त्याची शाबासकी मी भिंतीला लावलीय.” त्याचा आवाज वर्ग घेताना असायचा तसाच होता. “साहेब, तुम्ही विचारलं होतं, खोटं कोण बोलतंय. मी. अकरा वेळा. तिसऱ्या रकान्यात.”

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं सगळ्यांनाच वाटलं. ती एवढंच म्हणाली, “घागर उतर. पाण्याची पाळी हाय माझी.”

त्याने दोन्ही हातांनी घागर उतरवून तिच्या डोक्यावर ठेवली.

*

दंगलीचा खटला मागे घेतला गेला. गुंडप्पा आणि दहा जण सुटून आले. व्यंकटवर हयगयीचा खटला चालला, नोकरी गेली, मान वाचली. फौजदारांच्या अहवालात ‘किरकोळ तपशिलाची तफावत’ आढळल्याची नोंद झाली. रेवणप्पाचं पेन्शन चौकशीत अडकलं. प्रशस्तिपत्रक त्याने परत पाठवलं तर ते पोचल्याची पावती आली, आणि महिन्याने तेच पत्रक पुन्हा आलं. परत घेण्याचा काही नियम नव्हता.

उरलेल्या चार महिन्यांत त्याने नवा धडा बसवला. बंदूक पायाशी. खंदकातून काहीही वर येईल : मडकं, टोपली, काठी, टोपी, माणूस. शिपायाने आधी मोठ्याने सांगायचं, काय दिसतंय. ते सांगून झाल्यावर बंदुकीला हात. पहिल्या आठवड्यात निम्म्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. वर येणारा माणूस रोज रेवणप्पा स्वतः असे.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी तो एसटीने कौठवाडीला गेला. दुष्काळ होता, बारव होती, कठड्यापाशी बंदूकवाला होता. हा नव्या धड्यातला पोरगा होता. खालून आवाज येत होता.

“माणूस हाय… माणूस हाय…”

सिद्धम्मा वर आली. ठिगळाची घागर कडेला टेकवून तिने दम घेतला. रेवणप्पाने विचारलं, अव्वा, अजून भुताची भीती वाटती का?

“भूत?” ती म्हणाली. “सुनंला काहून भिऊ मी? आन मेलेल्याला काय सांगायचं असतं?”

तिने हनुवटीने कठड्याकडे खूण केली.

“त्येला सांगतो आमी.”

खाली दुसरी बाई पायऱ्या चढू लागली होती. कठड्यावरच्या पोराने बंदूक पायाशी ठेवली आणि धड्यात होतं तसं मोठ्याने म्हटलं, “दिसलं, माय. माणूस हाय. या.”

खालचा आवाज क्षणभर थांबला. मग पुढच्या पायरीवर पुन्हा सुरू झाला.